पुलापास्नं चिंचेपर्यंत

सीट अजून ऊन हुतं, पण सीटवर आरू नव्हती.

मी हात फिरवून फिरवून बघत हुते, जशी काय अडीच वर्सांची पोरगी सीटच्या चिरेत सापडणार हाय. तिची गोधडी हुती, दुधाची बाटली हुती, एक चप्पल हुती. व्हॅनचं सरकतं दार उघडं. भाईर धुकं, असलं की हात लांब केला तर माझीच बोटं मला पुसट दिसायची. एवढंच केलं हुतं मी, मागचं दार वर करून सायकल खाली उतरवली, पोरीचं छोटं सीट पुढच्या दांडीला अडकवलं, आन् तिला उचलायला वळले. वाटेच्या दोन्ही अंगाला उभा ऊस, आन् पलीकडच्या फडात ऊस तोडायचं मशीन चालू झालेलं. त्याची घरघर कुठनं येतीय तेच कळंना, कधी उजवीकडनं वाटायची, कधी माझ्या पायाखालनं.

मशीनला पोर दिसत न्हाई. मशीनला ऊस दिसतो, ऊस सोडून काय दिसत न्हाई. त्या टायमाला माझ्या डोक्यात तेवढंच हुतं. मी हाका मारल्या, आरू, आरू गं, तर हाक तोंडापुढंच पडायची. धुक्यात आवाज लांब जात न्हाई, वल्या फडक्यात गुंडाळल्यागत हुतोय.

आज परत तसाच वास सुटलाय. पाचट जाळल्याचा, आन् वाऱ्यासंगं कारखान्याकडनं येणारा मळीचा, गोड न्हाई आन् कडू बी न्हाई, घशात बसणारा. उसाला तुरं आलेत. सकाळचं कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हणतात चला, आता थंडी धरली. लोकांना हंगाम आला की बरं वाटतं, रस्त्यावर माणसं दिसतात, च्याच्या टपऱ्या लागतात, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागतात. मी मातुर गेल्या सालापास्नं हा वास आला की खिडक्या लावून घेते.

माझं म्हायेर कोरेगावकडं. तिकडं आमच्यात आल्याचं रान, थंडीत आमच्या हातांना कायम आल्याच्या मातीचा वास यायचा, आन् धुकं म्हंजी काय तर डोंगराच्या कडेला जरा पांढरं, ऊन आलं की गेलं. हिकडं लगीन करून आले तवा उसाचं धुकं पैल्यांदा बघितलं. हे जमिनीतनं येतंय. उसाच्या बुडातनं निघतंय, वाटेवर येऊन बसतंय, आन् उठा म्हणलं तरी उठत न्हाई.

आमचे मालक मिल्ट्रीत, वरती बर्फाकडं. सुट्टीला आले तवा त्यांनीच मला व्हॅन शिकवली, कापणी झालेल्या शाळूच्या रानात. मी आठवीतनं शाळा सोडलेली, गिअर म्हणलं की मला घाम फुटायचा. ते म्हणायचे, अगं बैल हाय समज, दाबायचं न्हाई, सांगायचं. तशी शिकले. मंग माधवनगरला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या शेडवर काम लागलं, आन् वन्सं, म्हंजी माझी नणंद, तिथंच जवळ राहायला, आरूला मी सांभाळते म्हणल्या. एसटी आमच्या गावात येती ती माझ्या कामाच्या टायमाला न्हाई. म्हणून व्हॅन.

पण हंगाम चालू झाला की चारचाकीचं काय खरं न्हाई. दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, मधीच कुणाची तरी ट्रॉली पलटी झालेली, आन् माधवनगरात शिरताना रस्ता उकरून ठेवलेला. पैल्या आठवड्यात मी रोज उशिरा पोचले, सुपरवायझर बाईचं तोंड फुगलेलं. तवा मालकांनीच फोनवर डोकं लढवलं. म्हणले, व्हॅनच्या मागं माझी सायकल टाक. मोठा रस्ता सोडून पाटाच्या वाटंनं जा, जुन्या गुऱ्हाळापाशी गाडी लाव, आन् म्होरं सायकल. ट्रॅक्टरवाले बघत बसतील आन् तू गेलेली असशील.

तसंच झालं. घरापास्नं गुऱ्हाळापर्यंत व्हॅन, गुऱ्हाळापास्नं उसाच्या मधनं पाटाच्या पुलावर आन् पुलावरनं माधवनगरात सायकल. शेडवरच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, हिची वरात बघा, घोडं मोटारीत बसून येतंय.

खरं सांगते, मला ते दोन्ही आवडायला लागलं हुतं. व्हॅनमधी काचा लावल्या की घरातच बसल्यागत वाटतंय, आरू झोपलेली, हिटर चालू, भाईरचं जग सिनेमागत सरकतंय, आपल्याला त्याचं काय न्हाई. आन् सायकल काढली की एकदम अंगावरची गोधडी कुणी वढल्यागत. गार वारं दातात शिरतंय, पाटाचं पाणी ऐकू येतंय, उसाची पानं एकमेकाला घासत्यात त्याचा आवाज, कोण तरी कानात सांगतंय आन् मधीच थांबतंय तसा. गाडीत बसून ह्यातलं काय कळत न्हाई. म्हणूनच कदाचित, गाडीतल्या माणसाला कुणी काय सांगत न्हाई.

गुऱ्हाळ बंद पडून लय दिवस झाले. नुसती रस उकळायच्या चुलवाणाची जागा आन् वर पत्रा. तिथं शांताक्का बसायची, म्हातारी, शेकोटी करून. उसाचं वाडं, म्हंजी शेंड्याचा हिरवा चारा, त्याच्या पेंड्या बांधून इकायची. मी गाडी लावली की म्हणायची, आली का गाडीवाली. मी सायकल काढली की म्हणायची, झाली का सायकलवाली. दिवसभर व्हॅनकडं ध्यान ठेवायची आन् त्याच्या बदल्यात माझ्याकडनं रोज एक टोमणा वसूल करायची.

सायकल जड लागायला लागली ती संध्याकाळची. पैल्यांदा मला वाटलं दमलेय. दिवसभर शिलाई मशीनवर पाय मारून परत पायडल मारायचं. आरू पुढं दांडीवर, शाल गुंडाळून, थंडी धरल्यापास्नं खोकत. पाटाचा पूल उतरला की मागचं चाक एकदम बसल्यागत व्हायचं. सायकल चालवलेल्या माणसाला कळतंय ते. मागं कॅरेजवर कोण बसलं की हँडल जरा हलकं हुतंय, पुढचं चाक डगमगतंय, आपुन आपसूक पुढं वाकतो. तसं. अगदी तसं. बसताना जो एक हिसका बसतो ना, बाईमाणूस एका अंगानं बसतं तवा, तो सुदिक.

मागं बघितलं तर कॅरेज मोकळं.

माधवनगरात पंक्चरवाल्याला दाखवली. त्यानं चाक फिरवलं, ब्रेक बघितला, हवा बघितली. म्हणला, वैनी, सायकलला काय न्हाई, तुमीच जरा जेवत जावा. मी हसले. पण आरू हसत नव्हती. पुलापास्नं म्होरं ती माझ्या हाताखालनं मागं बघत यायची, मान वाकडी करून, मूल जसं एसटीत मागच्या सीटवरच्या बाईकडं बघतंय ना, वळख झाल्यावर, तशी.

गुऱ्हाळापाशी आले की सायकल उचलून मागं आडवी टाकायची, दार लावायचं, घरी निघायचं. घाई असायची, आत्या वाट बघायच्या. व्हॅन चिंचेपास्नं पुढं जायची तवा मागं सायकलची घंटी वाजायची, एकदाच. चिंच म्हंजी गुऱ्हाळाच्या पुढं आमच्या गावाकडच्या अंगाला एक मोठं झाड हाय, तिथं. खड्डा न्हाई, गतिरोधक न्हाई, तरी वाजायची. मी मागच्या आरशात बघायचं सोडलं.

मंग एके दिवशी सकाळचं बी वजन लागायला लागलं. गुऱ्हाळापाशी सायकल उतरवतानाच. जशी काय ती सायकल गाडीत एकटी आलीच न्हाई.

मी शांताक्काला इचारलं. सहज इचारल्यागत इचारलं, भ्यालेय हे दिसू दिलं न्हाई. ती शेकोटीत काडी सारत हुती, तशीच थांबली. मंग तिनं सांगितलं. लय साली मागं टोळीबरूबर आलेली एक ऊसतोडणारी बाई हुती, चिंचेखाली त्यांच्या कोप्या, म्हंजी पाचटाच्या झोपड्या. तिचं पोर तापलं. धुकं असलंच. पोराला घिऊन ती वाटंवर उभी राहिली, जाणाऱ्या सायकलवाल्यांना म्हणली, डाक्टरपर्यंत सोडा. सगळे गिरणीच्या पाळीला चाललेले, कोण थांबलं न्हाई. चालत गेली. पूल गाठला तवा पोर गेलं हुतं. परत आली तवा बी कुणी बसवलं न्हाई. पुढं तीच थंडी तिनं बी काढली न्हाई.

"तवापास्नं संध्याकाळची पुलावर बसती कुणाच्या तरी मागं," शांताक्का म्हणली. "कुणाला काय करत न्हाई. समदे सायकलवाले आणतात तिला. चिंचेपाशी आलं की नुसतं म्हणायचं, उतर बाई, तुझी कोपी आली. उतरती."

मला आठवलं. मी ऐकलं हुतं ते. संध्याकाळी माझ्या आजूबाजूनं माणसं सायकलीवरनं पुढं जायची, गिरणीवरची, दूधवाले, आन् मी गुऱ्हाळापाशी सायकल उचलत असायचे तवा चिंचेकडनं आवाज यायचा, कुणाचा जाडा, कुणाचा बारीक, उतर बाई, तुझी कोपी आली. मला वाटायचं गंमत चाललीय त्यांची. एकमेकाला मस्करी.

"तू काय म्हणतीस चिंचेपाशी?" शांताक्कानं इचारलं.

मी काय म्हणणार. मी चिंचेपाशी सायकलवर नसतेच. मी गाडीत असते, काचा लावून.

शांताक्कानं हातातली काडी शेकोटीत टाकली. मंग म्हणली, "अगं, मंग तू तिला घरी न्हेलीस की."

असली चूक माझ्याशिवाय कोण करणार. सायकलवाल्याला रीत माहीत असती, तो पाळतो. गाडीवाला मोठ्या रस्त्यानं जातो, त्याचा संबंधच येत न्हाई. आर्धं हे आन् आर्धं ते करणारी मी एकटीच. ज्या ठिकाणी माणूस उतरतंय त्याच्या आधीच मी सायकल गुंडाळून गाडीत घातली, रोज, अख्खा महिना. त्या बाईला तिची कोपी दिसलीच नसंल. काचेतनं चिंच मागं पळताना दिसली असंल नुसती, आन् तिनं घंटी वाजवली असंल, एसटीत उतरायचं असलं की आपुन वाजवतो तशी.

त्या रातीपास्नं मी घरात दिवा चालू ठिवून झोपायला लागले. काय झालं न्हाई. तेच तर भ्या वाटायचं, काय होत नव्हतं. आरूचा खोकला थांबला. रडायची ती रडायची थांबली. भाकरी दिली की आर्धी खायची आन् आर्धी उंबऱ्यापाशी नेऊन ठेवायची, आन् आत्या म्हणायच्या, केवढं शहाणं लेकरू, कुत्र्याला घालतंय. आमच्यात कुत्रं न्हाई.

मालकांना फोनवर सांगितलं. आधी हसले. मंग शांताक्का काय म्हणली ते परत एकदा सांगायला लावलं. म्हणले, म्हणून टाक की, काय जातंय आपलं. मी म्हणलं व्हय, उद्या म्हणते.

ती उद्याची सकाळ, तीच ही. शांताक्का त्या दिवशी आली नव्हती, शेकोटीची राख गार. सायकल उतरवली, वळले, आन् सीट ऊन, पोर न्हाई.

आता ते दार. त्या व्हॅनचं सरकतं दार मला दोन हातांनी वढावं लागतंय, मधी अडकतंय ते, मालक नीट करतो म्हणून तीन सुट्ट्या झाल्या. अडीच वर्सांच्या पोरीनं ते उघडलं हे मला कुणी सांगितलं तर मी ऐकणार न्हाई.

मी उसात शिरले. पानं तोंडावर कापत हुती, कळत नव्हतं. पायात सऱ्या, चिखल, आन् मशीनची घरघर मोठी मोठी होत गेली, आन् धुक्यात त्याचे दोन दिवे दिसले, पिवळे, जवळ का लांब कळंना. मी वरडत हुते पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं. आन् मंग मशीन थांबलं. एकदम. सगळीकडं गप झालं, पानावरनं दव गळतंय तेवढं ऐकू आलं.

मी पोचले तवा मशीनवाला खाली उतरून हुबा, जतकडचा कोण पोरसवदा माणूस. आरू बांधावर बसलेली, एका पायात चप्पल, हातात उसाचं पान. रडत नव्हती. मी तिला छातीशी धरलं तर तो माझ्यावरच घसरला.

"काय बाई हायसा का कोण? लेकरू कडंवर घिऊन मशीनच्या आडव्या येतासा? दिव्यात दिसलासा म्हणून, न्हाईतर काय झालं असतं?"

मी म्हणलं, मी आत्ता येतेय, मी तिकडनं आले. त्यानं माझ्याकडं खालीवर बघितलं. माझ्या अंगात स्वेटर, पंजाबी ड्रेस, गळ्यात स्कार्फ. तो म्हणला, तुमी न्हाई मंग. तिनं लुगड्यावर गड्याचा शर्ट घातलेला, आन् डोक्याला टॉवेल.

ऊस तोडणाऱ्या बाया तसा शर्ट घालतात, पान हाताला कापू न्हाई म्हणून. पण मशीन लावलेल्या फडात टोळी नसती. त्या अख्ख्या शिवारात त्या दिवशी एक पण टोळी नव्हती, मशीनवाल्याला बी ते माहीत हुतं. तो मशीनवर चढला आन् दिवे लावून नुसता बसून राहिला.

आरूचं टोपरं मी हनुवटीखाली बांधते. एक गाठ, ती बी सैल, तिला घट्ट आवडत न्हाई. उसातनं तिला घिऊन आले, व्हॅनमधी बसवली, आन् बघितलं तर टोपऱ्याचे बंद पाठीमागं नेलेले, मानेवर, दोन पीळ देऊन बांधलेले, कान पुरते झाकून. वारं आत जाऊ न्हाई म्हणून बांधतात तसं. तापल्या पोराला बांधतात तसं.

त्या दिवशी कामावर गेले न्हाई. सायकल परत मागं टाकली आन् तिथनंच माघारी फिरले. चिंचेपाशी व्हॅन थांबवली, मागचं दार वर केलं, सायकल आडवी पडलेली हुती. तोंड उघडलं. सोपं वाक्य हाय, दूधवाला रोज म्हणतोय. मला आलं न्हाई. दार लावलं आन् घरी आले. पुढं हंगाम संपेपर्यंत मामांनी, म्हंजी सासऱ्यांनी, मोटारसायकलवर सोडलं, धुरात, ट्रॅक्टरच्या मागनं, उशीर करत. सायकल गोठ्यात उभी केली. पावसाळाभर तिथंच हुती. पावसाळ्यात व्हॅन थेट जायची, कुणाला सायकल लागली न्हाई. एकच, गोठ्यातली म्हस तिच्या खुंट्यापाशी बसंना झाली, सायकलीला जागा सोडून बसायला लागली.

आता परत भोंगा झाला. मामांचा पाय दुखतोय, त्यांना जमत न्हाई. सुपरवायझर बाईनं सांगितलंय, औंदा उशीर केला तर दुसरी बघीन. आरू साडेतीन वर्सांची झाली, तिला तिकडंच बालवाडीत घातलंय, तिला नवं दप्तर मिळालंय आन् ती सायकलची वाट बघतीय. शांताक्कानं काल मला लांबनंच बघितलं आन् आधी हात जोडले, मंग बोलली. तिनं मला एकच सांगितलं. म्हणली, तिला पोर नव्हतं म्हणून ती रोज कोपीवर उतरायची. आता तिला पोर सापडलंय. औंदा पैल्याच दिवशी उतर म्हण, न्हाईतर उद्या तीच तुला उतर म्हणंल.

मी रातभर त्याच दोन गोष्टी घोळवत राहिले. दार कुणी उघडलं. मशीन कुणी थांबवलं. एकाच बाईनं दोन्ही केलं असंल तर ती माझ्या पोरीला न्यायला आली हुती का आणून सोडायला? आन् मी तरी काय, मी तिच्या जागी असते, हात मोकळे घिऊन त्या पुलावरनं परत येताना, आन् कुणाच्या तरी सायकलच्या पुढच्या दांडीवर एक पोर खोकताना दिसलं असतं, तर मी चिंच आली म्हणून उतरले असते का?

आज पैला दिवस हुता. सकाळी काय लागलं न्हाई, सायकल हलकी, मी मनात म्हणलं गेली असंल बाई. संध्याकाळी आरूला दांडीवर बसवून पुलावर आले. धुकं अजून धरायचं हुतं, पाटाच्या पाण्यावर नुसता एक पांढरा हात फिरवल्यागत. पूल उतरले, आन् तो हिसका बसला. एका अंगानं. सावकाश, वळखीच्या माणसानं बसावं तसा.

गुऱ्हाळापाशी सायकल उचलली, व्हॅनमधी घातली. आरूला पुढं बसवलं, टोपरं हनुवटीखाली बांधलं. चिंचेपाशी व्हॅन थांबवली. माझ्या मागनं दोन सायकलवाले गेले, त्यांच्यातला एक झाडाकडं न बघता म्हणला, उतर बाई, तुझी कोपी आली, आन् पायडल मारत गेला. त्याच्यामागं कुणी नव्हतं. ती माझ्याकडं हुती.

मी खाली उतरले. मागचं दार वर केलं. सायकल आडवी, मागचं चाक हळूहळू फिरत हुतं, थांबत नव्हतं. चिंचेखाली आता कोपी न्हाई, काय न्हाई, नुसतं गवत. उतरून ती जाणार कुठं, हे सायकलवाल्यांनी कधी बघितलंच न्हाई, त्यांना मागं बघायचं नसतंय. मी बघितलं. आन् ते वाक्य ह्या वक्ताला माझ्या जिभेवर आलं, पुरं आलं, नुसतं सोडायचं हुतं.

तवा पुढच्या सीटवरनं आरू म्हणली, "आई, दार लाव. तिला वारं लागतंय."

मी वळून बघितलं. टोपऱ्याचे बंद हनुवटीखाली नव्हते.

माझा एक हात अजून वर दाराला हाय, आन् तोंडात ते वाक्य हाय. तुमी आई असाल, न्हाईतर नसाल, पण तुमच्या पोरीला कुणी त्या मशीनच्या दिव्यातनं उचलून बांधावर ठेवलं असतं, आन् दार बी कदाचित तिनंच उघडलं असतं, तर तुमी काय केलं असतं? उतर म्हणला असता, का दार लावून घेतलं असतं?